ब्रेक दाबलेला होता, तरी स्कूटर थांबली नाही: घोडबंदर रोडवरच्या एका रॅम्पचं प्रकरण

ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी आहे. खाली बेसमेंट पार्किंग, वर पोडियम, पोडियमवर गार्डन, या पट्ट्यातल्या बहुतेक कॉम्प्लेक्ससारखीच रचना. बेसमेंटला एकच रॅम्प, उतरणारे डावीकडून आणि चढणारे दुसऱ्या बाजूने. जुलैमधे भर पावसात बी विंगमधल्या एक वहिनी मुलाला क्लासवरून घेऊन येत होत्या, रॅम्पच्या मध्यावर स्कूटरचं मागचं चाक बाजूला फिरलं, गाडी आडवी झाली आणि दोघंही गाडीसकट खालच्या लोखंडी जाळीपर्यंत घसरत गेले. मुलाला खरचटलं, वहिनींच्या उजव्या मनगटाला फ्रॅक्चर. त्याआधीही त्याच जागी लोक पडलेत, पण उठून कपडे झटकून निघून गेले म्हणून विषय तिथेच राहिला.

यावेळी विषय निघाला, पण कसा? वेगात असतील. ब्रेकच मारला नसेल. एकाने तर लेडीज लोक पायानेच गाडी थांबवतात इथपर्यंत मजल मारली. मग सर्क्युलर आलं, वाहन सावकाश चालवावे, अपघातास सोसायटी जबाबदार राहणार नाही, आणि आठवड्याभरात उघडीप मिळाली तेव्हा रॅम्पवरच पिवळ्या ऑइलपेंटने मोठ्ठ्या अक्षरात 'स्लो' लिहून टाकलं. मला याचा मनापासून राग आला, कारण हातात प्लास्टर घेऊन बसलेल्या बाईवर दोष टाकायला कोणालाच काही मोजावं लागलं नव्हतं. मी पॉलिटेक्निकला अप्लाइड मेकॅनिक्स शिकवते, उतारावरचं घर्षण हे आमच्या पोरांचं हमखास परीक्षेला येणारं गणित, आणि ते गणित आमच्याच दारात घडलं होतं. म्हणून सगळं मोजायचं ठरवलं. काय सापडलं ते पूर्ण लिहितेय, कारण असे रॅम्प ठाण्यात प्रत्येक दुसऱ्या सोसायटीत आहेत.

सुरुवात सीसीटीव्हीपासून. कॅमेरा रॅम्पच्या वरच्या टोकाला आहे, उतरणाऱ्या गाडीची पाठ दिसते. सेक्रेटरी काकांनी फुटेज दाखवायला खळखळ केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. रेकॉर्डिंग सेकंदाला १५ फ्रेमचं आहे आणि रॅम्पच्या भिंतीला जे कॉलम आहेत त्यांच्यातलं अंतर टेपने मोजलं तर ५ मीटर भरलं. आता फ्रेम एकेक करून पुढे सरकवायची आणि मागचं चाक एका कॉलमपासून पुढच्या कॉलमपर्यंत किती फ्रेममधे जातं ते बघायचं, बस्स. पहिल्या कॉलमपाशी मागचा लाल दिवा लागलेला स्पष्ट दिसतो, म्हणजे ब्रेक दाबलेला आहे. पहिल्या ते दुसऱ्या कॉलमला १८ फ्रेम, म्हणजे १.२ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ४.२ मीटर, ताशी १५ किलोमीटर. ताशी १५ ला वेगात म्हणत असाल तर मग सायकलवाल्यांनाही दंड लावायला हवा.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दुसऱ्या ते तिसऱ्या कॉलमलाही जवळपास तेवढ्याच फ्रेम लागल्या. दिवा लागलेला आणि वेग तेवढाच. ज्यांनी हे फुटेज आधी बघितलं ते म्हणाले बघा, स्पीड कमीच झाला नाही, म्हणजे ब्रेक नीट मारला नाही. पण उताराचा हिशोब डोक्यात ठेवून बघितलं तर अर्थ उलटा निघतो. ब्रेक मारलाच नसता तर उताराने गाडीला ओढलं असतं, तिसऱ्या कॉलमपर्यंत वेग वाढत गेला असता आणि ते ५ मीटर १६ च्या आसपास फ्रेममधेच संपले असते. म्हणजे ब्रेक काम करत होता, चाक जमिनीला घासत होतं, फक्त त्या घासण्याची ताकद उताराच्या ओढीइतकीच पडत होती. जमिनीने साथ दिली नाही, आणि हे आता आकड्यात दाखवता येतं.

उतार मोजला पाणसळ आणि टेपने. ८ मीटर आडवं गेलं की १ मीटर खाली, म्हणजे ८ ला १, अंशात सांगायचं तर ७ अंशाच्या किंचित वर. ७ अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण आपल्या कसारा घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, चाक घसरू नये म्हणून इंजिन रुळावर वाळू सोडतं. लोखंडावर लोखंडाची पकड रबरापेक्षा कितीतरी कमी हे खरं, तरी आपला रॅम्प त्या घाटापेक्षा चौपटीहून जास्त तिरपा आहे हे कळल्यावर माणूस जरा जपून बोलतो. ८ ला १ उतारावर गाडीच्या वजनाचा साधारण आठवा हिस्सा, नेमकं म्हणजे ०.१२४ पट, उताराच्या दिशेने सतत ओढत असतो. ही ओढ पावसात कमी होत नाही की उन्हात वाढत नाही. ती ठरलेली आहे.

बदलतं ते घर्षण. ते मोजायला लॅबमधली मशीन लागत नाही. पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या जुन्या टायरचे तुकडे आणले, प्लायच्या फळीला खालून स्क्रूने बसवले, वर वजन ठेवून एकूण भार बरोब्बर १० किलो केला, फळीला दोरी आणि दोरीला प्रवासात बॅग तोलायचा डिजिटल काटा. रॅम्पवर ठेवून आधी वरच्या दिशेने एकसारख्या संथ वेगात ओढायचं आणि काटा वाचायचा, मग त्याच जागी खालच्या दिशेने ओढायचं आणि पुन्हा वाचायचा. वर ओढताना घर्षण आणि उतार दोघंही आपल्या विरुद्ध, खाली ओढताना घर्षण विरुद्ध पण उतार आपल्या बाजूने. त्यामुळे दोन आकड्यांची बेरीज करून निम्मी केली की घर्षण मिळतं आणि वजाबाकी करून निम्मी केली की उतार मिळतो, एकाच काट्यात दोन्ही.

कोरड्या रॅम्पवर वर ओढायला ८.२ किलो, खाली ओढायला ५.७. वजाबाकी अडीच, निम्मी सव्वा, १० किलोला सव्वा म्हणजे परत तो आठवा हिस्सा, पाणसळीने जे सांगितलं तेच. बेरजेची निम्मी ६.९५, म्हणजे घर्षणाचा गुणांक (भाराच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा), आमचे विद्यार्थी ज्याला म्यू म्हणतात तो, साधारण ०.७. रबर आणि काँक्रीटसाठी हा चांगला आकडा आहे. मग पाऊस पडून गेल्यावर मोजलं. चढणाऱ्यांच्या बाजूला ०.४. आणि उतरणाऱ्यांच्या बाजूला, जिथे वहिनी पडल्या त्या पट्ट्यात, वर ओढायला ३.२ किलो आणि खाली ओढायला पाऊण किलो. म्यू ०.२. एकच रॅम्प, एकाच दिवशी ओतलेलं काँक्रीट, एकच पाऊस, आणि दोन लेनमधे दुप्पट फरक.

(छोट्या फळीवरचा टायरचा तुकडा आणि खरं फिरतं चाक यात फरक असतो, दाब वेगळा, रबराचं तापमान वेगळं. म्हणून हे आकडे तुलनेसाठी घ्यायचे. पण ०.७ आणि ०.२ मधली दरी असल्या फरकाने भरून निघत नाही.)

कारण शोधायला वाकून हात लावावा लागला. डावीकडच्या भिंतीपासून तीनेक फूट पट्ट्यात हिरवट-काळा थर होता, बोट फिरवलं की बुळबुळीत, नखाने खरवडला तर साय निघावी तसा निघत होता. शेवाळ. पण पाऊस तर सगळीकडे पडतो मग एकाच बाजूला का, तर वर बघितल्यावर उत्तर मिळालं. बरोब्बर त्या बाजूला पोडियम गार्डनचे कुंडे आहेत, बिल्डरने बांधलेले मोठे प्लँटर, त्यांचं वॉटरप्रूफिंग गेलंय आणि स्लॅबच्या जॉइंटमधून पाणी बारा महिने भिंतीवरून रॅम्पवर झिरपतं. ऊन त्या बाजूला पोचत नाही. त्यात काँक्रीटचा वरचा थर थापीने घोटून गुळगुळीत केलेला, कुठे खाच नाही की खरखर नाही. भरीला रोज सकाळी हाउसकीपिंगवाले साबणाचं पाणी मारून तीच बाजू पुसतात कारण ती काळी दिसते. आणि आपल्याकडे डावीकडून चालवायचा नियम असल्याने उतरणारी प्रत्येक गाडी नेमकी त्याच पट्ट्यावरून जाते. पकड सगळ्यात जास्त उतरणाऱ्याला लागते आणि सगळ्यात वाईट जमीन त्याच्याच वाट्याला आलेली.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. लोकांना वाटतं घर्षण निम्मं झालं तर थांबायला दुप्पट अंतर लागेल. सपाट रस्त्यावर हे बरोबर आहे. उतारावर नाही. उतारावर घर्षणाला आधी उताराची ओढ फेडावी लागते, आणि फेडून जे उरतं तेवढंच गाडी थांबवायच्या कामाला येतं. घरखर्चासारखंच आहे, घराचा हप्ता ठरलेला असतो, पगार निम्मा झाला म्हणून हप्ता निम्मा होत नाही, त्यामुळे हातात उरणारे पैसे निम्मे न होता चौथाई होतात किंवा शून्यच होतात.

आकड्यात बघा. ताशी १५ चा वेग, दोन्ही ब्रेक लागलेत असं धरून. कोरड्या रॅम्पवर घर्षण ०.७ च्या जवळपास, त्यातून उताराचे ०.१२४ गेले, उरले ०.५७, गाडी दीड मीटरमधे थांबते. ओल्या पण स्वच्छ काँक्रीटवर ०.४ मधून तेवढेच गेले, उरले ०.२७, सव्वातीन मीटर. शेवाळावर ०.२ मधून गेले, उरले जेमतेम ०.०७, आणि अंतर १२ मीटर. हाच ०.२ सपाट जमिनीवर असता तर साडेचार मीटरमधे थांबली असती. वेग २० केला तर शेवाळावर २१ मीटर लागतात, म्हणजे आमचा जवळपास अख्खा रॅम्प. आणि म्यू ०.१२ वर आला की उरतं काहीच नाही, मग ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबणार नाही. ०.२ आणि ०.१२ मधे फार अंतर नाहीये, एखादा ऑइलचा डाग पुरतो.

आणि वहिनींच्या बाबतीत दोन्ही ब्रेक लागले नव्हते. स्कूटर २०१६ ची. दुचाकीला सीबीएस (एकच ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो ती सोय) किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं ते नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून, त्यामुळे या गाडीत डावा ब्रेक म्हणजे फक्त मागचं चाक. पावसात पुढचा ब्रेक दाबायचा नाही, उलटशील, हे आपल्याकडे गाडी शिकवताना प्रत्येक बाप, भाऊ, नवरा सांगतोच, आणि त्यांनी तेच केलं. पण घर्षण मिळतं ते त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या हिशोबात. उतारावर ब्रेक मारला की भार पुढे जातो, मागच्या चाकावर साधारण निम्मा राहतो. म्हणजे ०.२ चं झालं ०.१ च्या आसपास, आणि उताराची ओढ ०.१२४. हिशोब उणे! ब्रेक पूर्ण दाबलेला असताना गाडी थांबणं सोडाच, किंचित वाढत्या वेगाने जाणार. फुटेजमधल्या फ्रेम हेच सांगत होत्या.

मग मागचं चाक बाजूला का फिरलं? लॉक झालेलं चाक फिरत नाही, नुसतं घसटत जातं, आणि घसटणाऱ्या वस्तूला घर्षण फक्त तिच्या घसटण्याच्या उलट्या दिशेला मिळतं, आडव्या दिशेला धरून ठेवायला काही शिल्लक राहत नाही. फिरतं चाक गाडीला सरळ धरतं, लॉक झालेलं धरत नाही. जरासं हँडल हललं किंवा मागे बसलेलं पोर घाबरून सरकलं तरी पुरे. त्यांनी पुढचा ब्रेक दाबला असता तर वाचल्या असत्या असंही मी म्हणणार नाही, ०.२ च्या जमिनीवर पुढचं चाक लॉक झालं तर माणूस त्याच क्षणी पडतो. त्या जमिनीवर त्यांच्याकडे बरा पर्यायच नव्हता.

हे सगळं घेऊन मी रविवारच्या मीटिंगला गेले. कागदावर कोणाचा विश्वास बसत नाही हे माहीत होतं म्हणून फळी आणि काटा पण नेला आणि सगळ्यांना रॅम्पवरच बोलावलं. सेक्रेटरी काकांच्याच हातात दोरी दिली. आधी शेडखालच्या कोरड्या तुकड्यावर खाली ओढायला लावलं, पावणेसहा किलो, जोर लागला. मग डाव्या ओल्या पट्ट्यावर. दोरी ताणली न ताणली तोच फळी त्यांच्या पायाकडे आली. काटा बघून म्हणाले, "मॅडम, पाऊणच किलो? दहा किलोचं वजन आहे ना वर?" म्हटलं काका, परत ओढा. परत ओढलं. मग 'स्लो'च्या पिवळ्या अक्षरावर ठेवून ओढलं, तिथेही तोच प्रकार, कारण ऑइलपेंटने काँक्रीटची उरलीसुरली खरखर भरून टाकलेली. त्यानंतर वेगात असतील वगैरे कोणी बोललं नाही.

शंका मात्र खूप आल्या आणि त्या चांगल्या होत्या. एक आजोबा म्हणाले गाडी डबलसीट होती, वजन जास्त म्हणून घसरली. तर नाही. वजन वाढलं की उताराची ओढ वाढते आणि घर्षणही तेवढ्याच पटीने वाढतं, दोन्हीकडून वजन कटतं. जमिनीवरचा दाब वाढेल तसं घर्षण वाढतं हा नियम फ्रान्सच्या आमोंताँ या शास्त्रज्ञाने १६९९ मधे मांडला आणि रबराला तो तंतोतंत लागू नसला तरी रॅम्पच्या हिशोबाला पुरतो. कोरड्या रस्त्यावर जड गाडीला ड्रम ब्रेक कमी पडू शकतो तो भाग वेगळा, इथे चाक लॉक झालं होतं, ब्रेक कमी नव्हता, जमीन कमी होती. एका तरुणाने विचारलं एबीएसवाली गाडी असती तर? एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे गाडी आडवी न होता सरळ राहण्याचा चान्स वाढतो, पण जमिनीत नसलेलं घर्षण ते कुठून आणणार. आणि हायवेवर गाडी पाण्यावर तरंगते तसं झालं असेल का, तर तेही नाही, त्याला बराच जास्त वेग लागतो. ताशी १५ ला टायर आणि काँक्रीटच्या मधे येतो तो शेवाळाचा आणि तेलाचा पातळ चिकट थर, आणि गुळगुळीत काँक्रीटला त्या थरातून वर डोकावायला टोकच नसतं.

म्हणून दुरुस्तीचा क्रम मी भांडून ठरवून घेतला. कॉन्ट्रॅक्टर थेट खाचा मारायला निघाला होता. पण वरून पाणी झिरपत राहिलं तर खाचांमधे आधी माती बसणार, मग त्या मातीवर शेवाळ, आणि पुढच्या जुलैत आपण परत तिथेच. आधी प्लँटर रिकामे करून वॉटरप्रूफिंग, मग रॅम्पच्या माथ्यावर आडवी नाली जेणेकरून रस्त्याचं पाणी खाली येणार नाही, मग प्रेशरने धुऊन शेवाळ आणि ऑइलपेंट दोन्ही काढणं, आणि सगळ्यात शेवटी ग्रूव्ह कटिंग. खाचा तिरप्या, मधल्या रेषेपासून दोन्ही भिंतींकडे उतरणाऱ्या, म्हणजे पाणी कडेला जातं. उभ्या, उताराच्या दिशेने मारल्या तर स्कूटरचं अरुंद टायर त्या खाचेतच चालायला बघतं आणि हँडल ओढल्यासारखं होतं, तेव्हा ते नको. साबणाचं पाणी बंद, त्याऐवजी कडक झाडू आणि साधं पाणी.

काम गणपतीनंतर झालं. त्यानंतर परतीच्या पावसात त्याच फळीने त्याच डाव्या पट्ट्यात मोजलं, वर ओढायला ६.७, खाली ओढायला ४.२. म्यू ०.५५ च्या आसपास, ओल्यात. उताराचे गेले तरी ०.४२ उरतात, ताशी १५ वरून गाडी दोन मीटरच्या थोडं पुढे थांबते. १२ मीटरचे २ झाले. निव्वळ मागच्या ब्रेकवर सुद्धा आता शिल्लक अधिक राहते, उणे जात नाही.

राहिलंय ते खालचं वळण. रॅम्प संपतो तिथे लोखंडी जाळी आणि लगेच काटकोनात डावीकडे वळायचं. वळणाला पण घर्षणच लागतं. साधारण ५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी १५ ने घ्यायचं तर वजनाच्या ०.३५ पट आडवं घर्षण हवं, ताशी १० ने घेतलं तर ०.१६ च पुरतं. ओल्या लोखंडावर ०.३५ ची खात्री मी देणार नाही, आणि तिथेच ब्रेकही दाबला तर तेच घर्षण दोन कामांत वाटलं जातं. जाळीवर खरखरीत पट्ट्या वेल्ड करून घ्यायचं कोटेशन आलंय, कमिटीच्या पुढच्या मीटिंगमधे आहे. तोपर्यंत वॉचमन काका पावसात प्रत्येक दुचाकीवाल्याला सांगतात, रॅम्पवरच वेग १० च्या आत आणा, जाळी सरळ ओलांडा, वळा त्यानंतर. वहिनींचं प्लास्टर निघालंय, फिजिओथेरपी चालू आहे, आणि अपघातास सोसायटी जबाबदार नाही ही सर्क्युलरमधली ओळ मागे घेतल्याचं लेखी पत्र त्यांना कमिटीने दिलंय.